रात्रीचा पहारा आणि नाताळची पहाट

(शास्त्रभाग : लूक २:८-२०, मार्क ६:४५-५१, प्रेषितांची कृत्ये २७)



नाताळच्या मध्यरात्रीच्या उपासनेला मंडळी जमते, तेव्हा व्यासपीठावर उभ्या असलेल्या पाळकाला दोन गोष्टी दिसतात. एक, नवे कपडे घालून, मुलाबाळांना घेऊन आलेली माणसे. आणि दुसरी, जे येऊ शकले नाहीत त्यांच्या रिकाम्या जागा. कोणी रुग्णालयात रात्रपाळीवर असते, कोणी सीमेवर असते, कोणी रेल्वेच्या केबिनमध्ये असते. आमच्या मंडळीत अशी एक जागा तिसऱ्या बाकावर आहे. ती जागा एका तरुणाची. तो मालवाहू जहाजावर सेकंड ऑफिसर आहे. गेल्या दहा नाताळांपैकी जेमतेम तीन त्याने घरी काढले असतील. आज मी आपणांपुढे जे मांडणार आहे ते त्याच्यामुळे आणि त्याच्या आईमुळे मला शिकायला मिळाले. पाळकाने मंडळीला शिकवावे अशी आपली समजूत असते. पण पुष्कळदा देव मंडळीकडूनच पाळकाला शिकवतो.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. २३ डिसेंबरच्या रात्री नऊच्या सुमारास या तरुणाचे वडील हृदयविकाराने प्रभूमध्ये निजले. घरात करंज्या आणि शंकरपाळ्यांचे डबे भरलेले होते, दारावर कागदाचा तारा पेटलेला होता. दुसऱ्या दिवशी दुपारी चार वाजता आम्ही त्यांचा दफनविधी केला. एकुलता एक मुलगा त्या वेळी कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरून गहू घेऊन जपानकडे जाणाऱ्या जहाजावर, उत्तर प्रशांत महासागराच्या मध्यावर होता. पुढचे बंदर आठ-नऊ दिवसांच्या अंतरावर होते. तेथून कोणी येऊ शकत नाही आणि तेथे कोणी जाऊ शकत नाही.

दफनभूमीतून परतताना मी त्या माउलीचे सांत्वन करायला गेलो आणि बोलून गेलो, “बाई, मुलाला ना बापाची माती देता आली, ना नाताळ करता आला.” बाई निवृत्त शिक्षिका आहेत. त्यांनी शांतपणे माझ्याकडे पाहिले आणि म्हणाल्या, “पाळकसाहेब, मातीचे खरे आहे. पण नाताळचे असे म्हणू नका. प्रभू काय फक्त देवळातच जन्मतो?” मग भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहून त्या उठल्या. त्यांच्या घरात दोन घड्याळे आहेत. एक आपल्या वेळेचे, दुसरे मुलाच्या जहाजाच्या वेळेचे. आपल्याकडे संध्याकाळचे साडेपाच झाले होते. जहाजावर २५ डिसेंबरची मध्यरात्र सुरू होत होती. “तो आता पहाऱ्यावर उभा राहिला असेल,” असे म्हणून त्यांनी पवित्र शास्त्र घेतले, दार लोटले आणि साडेनऊ वाजेपर्यंत, म्हणजे मुलाचा चार तासांचा पहारा संपेपर्यंत, त्या प्रार्थनेत बसून राहिल्या. त्याच रात्री त्या मध्यरात्रीच्या उपासनेला आल्या आणि तिसऱ्या बाकावर, दोन रिकाम्या जागांच्या शेजारी बसल्या. मी त्या रात्री उपदेश केला खरा. पण माझ्या मनात एकच प्रश्न होता. माझ्या नाताळात त्या मुलाला जागा होती का?

जहाजावरचा नाताळ

प्रियजनहो, आपल्यापैकी अनेकांनी समुद्र पाहिलेला आहे. पण समुद्रावरचे जीवन फार थोड्यांना ठाऊक आहे. जगातील व्यापारी मालापैकी आकारमानाने ऐंशी टक्क्यांहून अधिक माल समुद्रमार्गे जातो. आपल्या स्वयंपाकघरातले तेल, शेतातले खत, गाडीतले इंधन कोणत्या तरी जहाजातून आलेले असते. २०२१ मधील एका आंतरराष्ट्रीय पाहणीनुसार जगात सुमारे १९ लाख खलाशी आणि अधिकारी व्यापारी जहाजांवर काम करीत होते आणि अशी माणसे पुरविणाऱ्या पहिल्या पाच देशांत आपला भारत होता.

एवढे मोठे जहाज, पण त्यावर माणसे वीस-पंचवीसच. त्यांचा दिवस चार-चार तासांच्या पहाऱ्यांत वाटलेला असतो. आठ ते बारा थर्ड ऑफिसरकडे, चार ते आठ चीफ ऑफिसरकडे आणि दुपारी व मध्यरात्री बारा ते चार हा पहारा परंपरेने सेकंड ऑफिसरकडे असतो. नाताळच्या दिवशी कॅप्टन गंज खरवडणे, रंग देणे अशी कामे बंद ठेवतो. परंतु पहारा बंद ठेवता येत नाही. इंजिनाला सण कळत नाही, वादळाला पंचांग ठाऊक नसते. सर्वांत अधिक कष्ट आचाऱ्याला पडतात. भारतीय जहाजांवर त्याला ‘भंडारी’ म्हणतात. जहाज डावीउजवीकडे झुकत असताना, भांडी जागेवर राहावीत म्हणून शेगडीला लोखंडी आडपट्ट्या लावून, तो वीस माणसांचा सण शिजवीत असतो. फिलिपीन देशाचे खलाशी हाताशी असेल त्या पुठ्ठ्याचा, तारेचा, रंगीत कागदाचा तारा करतात. त्याला ते ‘पारोल’ म्हणतात. रशियन खलाशांचा ख्रिस्तजन्माचा सण ७ जानेवारीला येतो. अनेकदा हिंदू किंवा मुसलमान सोबती म्हणतात, “तू जेवायला जा, तेवढा वेळ मी उभा राहतो”. आणि ईदेला, दिवाळीला ख्रिस्ती सोबती ते ऋण फेडतात.

आपल्या किनाऱ्याला हे जीवन नवे नाही. पूर्वीच्या आगबोटींवर रत्नागिरीकडचे मुसलमान खलाशी डेकवर असत आणि गोव्याचे ख्रिस्ती बांधव स्वयंपाकघरात व भोजनगृहात. बोट मिळेपर्यंत हे गोवेकर मुंबईत धोबीतलावच्या परिसरात आपापल्या गावाच्या ‘कुडां’त राहत. तेथे रोज संध्याकाळी वेदीपुढे जपमाळ म्हटली जाई. दक्षिण मुंबईत राहणाऱ्या वाचकांना हेही ठाऊक असेल की ३१ डिसेंबरच्या मध्यरात्री बंदरातील जहाजे एकदम भोंगे वाजवतात. आपण तो आवाज ऐकून एकमेकांना शुभेच्छा देतो; पण भोंगा वाजविणारा हात कोणाचा आहे आणि त्या हाताला घरच्या कोणाचा हात कधी मिळणार आहे, याचा विचार आपण क्वचितच करतो.

न आलेला दिवस

आमचा तरुण ५ जानेवारीला घरी पोहोचला. विमानतळावरून तो थेट दफनभूमीत गेला. त्या संध्याकाळी तो माझ्याशी बोलला. ते त्याच्या परवानगीने सांगतो.

पश्चिमेकडे जाणारे जहाज प्रशांत महासागरात आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडते, तेव्हा एक दिवस वगळावा लागतो. त्या जहाजाने २२ डिसेंबरनंतर एकदम २४ डिसेंबर लिहिला. “पाळकसाहेब,” तो म्हणाला, “ज्या दिवशी माझे वडील गेले तो २३ डिसेंबर माझ्या लॉगबुकात नाहीच. तो दिवस माझ्या आयुष्यात आलाच नाही.” आम्ही घड्याळांचा हिशेब केला. आपल्याकडे रात्रीचे नऊ वाजले होते, तेव्हा जहाजावर २४ तारखेच्या पहाटेचे साडेतीन झाले होते. म्हणजे वडील गेले त्या क्षणी तो ब्रिजवर, काळोखात, जागा उभा होता. त्याला मात्र काहीच कळले नाही. सकाळी कॅप्टनने त्याला आपल्या खोलीत बोलावून निरोप सांगितला आणि म्हणाला, “आजच्या रात्रीचा पहारा मी करतो.” त्याने नकार दिला. “खोलीत पडून राहिलो असतो तर भिंतीवर डोके आपटले असते,” तो म्हणाला.

नाताळच्या रात्री बारा वाजता तो ब्रिजवर गेला. रात्री ब्रिजवर दिवा लावीत नाहीत. डोळे काळोखाला सरावले तरच दूरचा दिवा दिसतो. समोर उंच लाटा, काचेवर फुटणारे पाणी, आणि टेहळणीवर एक वयस्क फिलिपीन खलाशी. “मी देवाशी भांडत होतो,” तो म्हणाला. “मी मनात म्हणत होतो, तुझ्या पुत्राच्या जन्माच्या रात्री तू माझ्या बापाला नेलेस आणि मला येथे बांधून ठेवलेस. माझ्यासाठी नाताळ नाही. मी पुन्हा गाणार नाही.” बराच वेळ गेला. मग तो खलाशी, नजर समुद्रावरून न काढता, हळूच म्हणाला, “सर, मी सव्वीस वर्षे समुद्रावर आहे. घरचे नाताळ मला पाचच मिळाले. पूर्वी वाईट वाटे. मग एकदा लक्षात आले की मेंढपाळही ड्युटीवरच होते.”

एवढेच तो बोलला. पुढचे तीन तास दोघे गप्प उभे राहिले.

मेंढपाळ ड्युटीवर होते

बंधुभगिनींनो, मी पस्तीस वर्षे लूकच्या दुसऱ्या अध्यायावर बोलत आलो. परंतु या साध्या खलाशाने जे पाहिले ते मी पाहिले नव्हते. आपण मेंढपाळांना नाटकात घोंगडी पांघरून उभे करतो, त्यांच्या हाती काठी देतो आणि त्यांच्या गरिबीविषयी बोलतो. पण लूकने आवर्जून जे सांगितले आहे ते हे की ते रात्रीचे पहारे करीत होते. मूळ ग्रीक शब्दांचा अर्थ अगदी तोच आहे : रात्रीच्या पहाऱ्यांची पाळी सांभाळणारे. त्या रात्री गावातील धर्मशाळा माणसांनी भरलेली होती. शिरगणतीसाठी सारे आपापल्या गावी, आपल्या माणसांत आले होते. ज्यांना घरी जाता आले नाही, जे कामावर अडकले होते, त्यांच्याकडेच देवाने प्रथम दूत पाठविला. झोपलेल्या बेथलेहेमाला बातमी नंतर कळली.

यात एक सूक्ष्म गोष्ट आहे. मेंढपाळ कळप राखीत होते म्हणून ते देवापासून दूर होते असे देवाने मानले नाही. ते शेतात होते, तर गौरव शेतात उतरले. मग ते बेथलेहेमास धावत गेले. आणि लूक सांगतो की बालकाला पाहिल्यावर ते परत गेले, देवाचे गौरव करीत. कोठे परत गेले? त्याच कळपाकडे, त्याच थंडीत, त्याच पहाऱ्यावर. काम बदलले नाही. काम करणारा बदलला.

येथे कोणी असा अर्थ काढू नये की काम आहे म्हणून उपासना टाळली तरी चालते. मेंढपाळ गेले, त्यांनी निमित्त सांगितले नाही. ज्याला जाता येते आणि जो जात नाही, त्याला या वचनात आसरा नाही. पण ज्याला जाता येत नाही, त्याच्याकडे प्रभू स्वतः जातो.

चौथ्या प्रहरी

मार्कच्या सहाव्या अध्यायात शिष्य सरोवरात वल्ही मारून थकले आहेत. वारा समोरून आहे. येशू डोंगरावर प्रार्थना करीत आहे. काळोख आहे, अंतर आहे; तरी मार्क लिहितो की त्याने त्यांना कष्टी झालेले पाहिले. आणि रात्रीच्या चौथ्या प्रहराच्या सुमारास तो पाण्यावरून त्यांच्याकडे आला. चौथा प्रहर म्हणजे पहाटे तीन ते सहा. रुग्णालयातील परिचारिकेला विचारा, रेल्वेच्या पॉइंट्समनला विचारा, रात्रीची सर्वांत कठीण वेळ कोणती? हीच. डोळे मिटू लागतात, अंग गार पडते, मनात नको ते विचार येतात. आमचा तरुण पहाटे साडेतीनला उभा होता आणि त्याला वडील गेल्याचे ठाऊक नव्हते. पण डोंगरावरून पाहणारा त्या बापालाही पाहत होता आणि त्या मुलालाही. एकाला त्याने आपल्याकडे घेतले आणि दुसऱ्याला उभे ठेवले.

आधुनिक जहाजाच्या ब्रिजवर एक यंत्र असते. तीन ते बारा मिनिटांच्या ठराविक अंतराने ते दिवा लुकलुकवून विचारते, ‘तू जागा आहेस ना?’ अधिकाऱ्याने बटण दाबले नाही, तर पंधरा सेकंदांत ते आवाज करते. तरी उत्तर नाही, तर आणखी पंधरा सेकंदांनी ते दुसऱ्या अधिकाऱ्याला किंवा कॅप्टनला उठवते. तो तरुण म्हणाला, “त्या रात्री तो दिवा लुकलुकला की मला वाटे, कोणीतरी माझी विचारपूस करीत आहे. मी बटण दाबत होतो आणि मनात म्हणत होतो, होय, मी आहे. तिसऱ्या-चौथ्या वेळी ते शब्द मी यंत्राशी बोलत नव्हतो.” प्रियजनहो, प्रार्थना याहून वेगळी काय असते? लांब शब्द सुचत नाहीत, गाणे ओठांवर येत नाही. तेव्हा ‘प्रभू, मी आहे’ एवढेच म्हणणे पुरते. आणि आपण तेवढेही म्हणेनासे झालो, तर शेजारच्या खोलीतल्या कोणाला तरी जागे करण्याची व्यवस्था देवाने केली आहे. त्या व्यवस्थेचे नाव मंडळी.

हिवाळ्यातला प्रवास

प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या सत्ताविसाव्या अध्यायात पौल बंदिवान म्हणून एका आलेक्सांद्रियाच्या जहाजात आहे. शरद ऋतूतील उपासाचा दिवस उलटून गेला आहे, समुद्र धोक्याचा झाला आहे. तरी चांगल्या बंदरात हिवाळा काढावा या लोभाने जहाज पुढे नेतात. मग ईशान्येचे वादळ येते. कित्येक दिवस सूर्य नाही, तारे नाहीत. जहाजावर २७६ माणसे आहेत आणि पोटात गहू आहे. चौदाव्या रात्री खलाशी मागच्या बाजूने चार नांगर टाकतात आणि उजाडावे म्हणून वाट पाहतात.

त्या काळोखात पौलाने तीन गोष्टी केल्या. पहिली, त्याने सांगितले की देवाचा दूत रात्री आपल्याजवळ उभा राहिला. दुसरी, खलाशी होडी घेऊन पळू पाहत होते तेव्हा त्याने शताधिपतीला बजावले की ही माणसे जहाजावर राहिली नाहीत तर तुमचा बचाव होणार नाही. देवाने अभिवचन दिले होते, तरी पौलाला खलाशी हवे होते. देवाची कृपा माणसाचे काम निरर्थक ठरवीत नाही. ती कामाला अर्थ देते. आणि तिसरी, त्याने भाकर घेतली, सर्वांसमोर देवाचे आभार मानले, ती मोडली आणि खाऊ लागला. मंदिर नाही, वेदी नाही, ओले कपडे घातलेली भेदरलेली माणसे आहेत. त्यांत बंदिवान आहेत, शिपाई आहेत, मूर्तिपूजक आहेत. तरी सर्वांना धीर आला आणि सर्वांनी अन्न घेतले. जहाजाच्या भोजनगृहात नाताळच्या रात्री पाच देशांची, तीन धर्मांची माणसे एका टेबलावर बसतात, तेव्हा मला हे चित्र आठवते.

हिवाळ्याची रेषा

जहाजाच्या कुशीवर बाहेरून काही रेषा रंगविलेल्या असतात. माल भरताना पाणी कोणत्या रेषेपर्यंत चढू द्यायचे हे त्या सांगतात. पूर्वी लोभी मालक जुनी जहाजे खच्चून भरीत आणि ती खलाशांसकट बुडत. सॅम्युएल प्लिमसोल नावाच्या इंग्लंडच्या लोकसभा सदस्याने १८७३ मध्ये याविषयी पुस्तक लिहून रान उठविले आणि १८७६ मध्ये कायदा झाला. आजही त्या चिन्हाला त्याचे नाव आहे. उन्हाळ्याची रेषा वेगळी, हिवाळ्याची वेगळी. आणि हिवाळ्याची रेषा खाली असते. अर्थ असा, की समुद्र खवळलेला असेल तेव्हा जहाजावर ओझे कमी लादावे.

जहाजांच्या कायद्याला जे कळते ते आपल्याला का कळू नये? ज्या घरावर हिवाळा आला आहे त्यावर आपण ओझे कमी करतो की वाढवितो? मी त्या माउलीवर एक वाक्य लादले होते : तुझ्या मुलाचा नाताळ झाला नाही. सांत्वनाच्या नावाखाली मी तिच्या जहाजात एक गोणी जास्त भरली. पौल गलतीकरांना एकमेकांची ओझी वाहण्यास सांगतो. त्यातला पहिला धडा हा, की निदान नवी घालू नयेत.

मंडळीचे कर्तव्य

१८३५ मध्ये इंग्लंडच्या ब्रिस्टल खाडीच्या किनाऱ्यावर जॉन ॲशली नावाचे एक पाळक उभे होते. समोर एक बेट होते. त्यांच्या लहान मुलाने विचारले, तिकडची माणसे देवळात कशी जातात? त्या प्रश्नाने ॲशली अस्वस्थ झाले. ते बेटावर गेले आणि मग खाडीत वाऱ्याची वाट पाहत नांगरलेल्या जहाजांवर जाऊ लागले. त्यांच्या कामातून प्रेरणा घेऊन १८५६ मध्ये खलाशांसाठी अँग्लिकन मिशन स्थापन झाले, जे आज ‘मिशन टु सीफेअरर्स’ या नावाने जगभरच्या बंदरांत काम करते. प्रकटीकरण १४:६ मधील उडणारा देवदूत हे त्याचे चिन्ह आहे. कॅथोलिक बांधवांनी १९२० मध्ये ग्लासगो येथे असेच कार्य सुरू केले. आज ते ‘स्टेला मारिस’ या नावाने ओळखले जाते. न्यूयॉर्कच्या एका ख्रिस्ती संस्थेतर्फे १८९८ पासून स्वयंसेवक खलाशांसाठी नाताळला लोकरीच्या टोप्या आणि मफलर विणतात. एका बालकाचा प्रश्न, एका आजीची सुई. देवाच्या राज्यात कामे अशीच सुरू होतात.

आणि गरज संपलेली नाही. २०२० मध्ये कोविडच्या साथीत देशांनी सीमा बंद केल्या, तेव्हा वर्षअखेरीस सुमारे चार लाख खलाशी करार संपूनही जहाजांवर अडकले होते. तो नाताळ त्यांनी बंदरे दिसत असताना समुद्रावर काढला. १९ नोव्हेंबर २०२३ रोजी तांबड्या समुद्रात ‘गॅलक्सी लीडर’ हे जहाज बंडखोरांनी पळविले; त्यावरील २५ जणांची सुटका २२ जानेवारी २०२५ रोजी झाली. दोन नाताळ त्यांनी कैदेत काढले. आपण मात्र त्या दोन्ही नाताळांना जगाच्या शांतीसाठी प्रार्थना केली, तेव्हा त्या पंचवीस माणसांची आठवण किती मंडळ्यांत झाली?

मराठी ख्रिस्ती माणूस आज इंदूरपासून हैदराबादपर्यंत, दिल्लीपासून गोव्यापर्यंत पसरला आहे. आपल्यातील प्रत्येक मंडळीत कोणी ना कोणी रात्रीच्या पहाऱ्यावर आहे. जहाजावर नसेल, तर अतिदक्षता विभागात आहे, वीजकेंद्रात आहे, आजारी आईच्या उशाशी आहे. तीन साध्या गोष्टी सुचवितो. नाताळच्या उपासनेत कामावर असलेल्यांची प्रार्थना नावे घेऊन करा. ‘सर्व प्रवाशांसाठी’ एवढे म्हणून थांबू नका. त्यांच्या घरी जा. कारण खलाशी समुद्रावर एकटा असतो, तशी त्याची पत्नी जमिनीवर एकटी असते आणि सणाच्या दिवशी तिच्याकडे कोणी फिरकत नाही. आणि ते परत येतील तेव्हा त्यांचा नाताळ त्यांना द्या. तारीख उलटली असे म्हणू नका.

हे शेवटचे मी त्या माउलीकडून शिकलो. त्या वर्षी त्यांनी दारावरचा तारा उतरविला नव्हता. दुःखाच्या घरात तारा कशाला, असे शेजारी कुजबुजले, पण त्या म्हणाल्या, “मुलगा आल्यावर तोच उतरवील.” ६ जानेवारीला, प्रभूच्या प्रकटीकरणाच्या सणाच्या दिवशी, ज्या दिवशी दुरून, उशिरा पोहोचलेल्या मागी लोकांची आपण आठवण करतो, त्या घरी मी दोघांना प्रभुभोजन दिले. वडिलांची खुर्ची रिकामी होती. विधी आटोपल्यावर तो तरुण थोडा वेळ गप्प बसला आणि मग अगदी हलक्या आवाजात वडिलांचे आवडते नाताळचे गीत गाऊ लागला. मी पुन्हा गाणार नाही, असे तो देवाला म्हणाला होता. दुसऱ्या कडव्यावर त्याचा आवाज अडला. ते कडवे आईने पुरे केले.

मग त्याने स्टूल घेतले आणि तारा उतरविला. फेब्रुवारीत तो पुन्हा जहाजावर गेला. मेंढपाळही परत गेले होते.

प्रार्थना

हे प्रभू, तू निजत नाहीस आणि डुलकी घेत नाहीस. आज रात्री समुद्रावर, रुग्णालयात, रुळांवर आणि सीमेवर जे जागे आहेत त्यांच्याजवळ तू उभा राहा. ज्यांना आपल्या माणसाला निरोप देता आला नाही त्यांचे अश्रू तुला ठाऊक आहेत. आम्ही उबेत बसून सण करतो, तेव्हा रिकाम्या जागांकडे पाहण्याचे डोळे आम्हांला दे. आमचे शब्द कोणावर ओझे होऊ देऊ नकोस. आणि आमच्या रात्रीच्या चौथ्या प्रहरी पाण्यावरून चालत ये, म्हणजे आम्ही तुला ओळखू. तारणाऱ्या येशूच्या नावाने. आमेन.